भाचा रात्र-रात्र जागायचा आणि आम्ही म्हणायचो, अभ्यास करतोय

सुदामानगरची मावशी | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हे लिहीन लिहीन म्हणताना जवळजवळ दोन वर्षं गेली. परवा भाच्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही मावशी, फक्त माझं नाव आणि कॉलेज घालू नकोस." म्हणून आज बसलेय.

माझी धाकटी बहीण बुऱ्हाणपूरला असते. तिचा मुलगा बारावीनंतर शिकायला इंदुरात आमच्याकडे आला. वरची खोली त्याला दिली. कॉलेज, त्यानंतर भंवरकुआंला क्लास. पहिलं वर्ष सरळ गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पोरगा बदलला, आणि आम्हाला वाटलं सुधारला. मुळात मितभाषी मुलगा, तो काकांशी तास-तास गप्पा मारायला लागला. रात्री दोन-तीनपर्यंत वर दिवा. सकाळी हाक मारावी तर जागाच, आणि चेहऱ्यावर थकवा म्हणून नाही. एका रात्री खुडबुड ऐकून मी वर गेले. टेबलफॅन अख्खा उघडून ठेवलेला, सगळे स्क्रू वर्तमानपत्रावर लहान-मोठे असे ओळीनं मांडलेले, आणि हा जुन्या बनियनच्या तुकड्यानं पाती पुसत बसलेला. साडेतीन वाजले होते. म्हणाला, "आवाज करत होता ना मावशी." दुसऱ्या दिवशी मी बहिणीला कौतुकानं फोन केला की तुझा मुलगा किती टापटिपीचा झालाय बघ. तो फोन आठवला की अजून पोटात कालवतं.

आपण माळव्यातली माणसं. नशा आपल्याला नवी नाही. नीमच-मंदसौरची अफू लहानपणापासून ऐकलेली, डोडा (अफूच्या बोंडांची टरफलं) घेऊन पिनक लागलेले म्हातारे बघितलेले, ब्राऊन शुगरची, म्हणजे अफूपासूनच होणाऱ्या हेरॉइनची, मुलं पुलाखाली मान टाकून बसलेली बघितलेली. त्यामुळे डोक्यात नशेबाजाचं एकच चित्र. पेंगणारा, अंग खाजवणारा, हातातली वस्तू गळून पडणारा. जागा राहणारा, भराभर बोलणारा, पंखे दुरुस्त करणारा मुलगा त्या चित्रात कुठेच बसत नव्हता.

आज मागे वळून बघते तर खुणा ढिगानं होत्या. रविवारच्या पोहे-जलेबीला हा पोरगा "भूक नाही" म्हणायला लागला. इंदुरात राहून! पाच महिन्यांत सगळे शर्ट सैल झाले. जीन्स धुवायला घेतली की खिशात च्युइंगमचे कागद मूठभर. दात खाऊन-खाऊन गालाच्या आत जखमा झाल्या होत्या, तेव्हा मी तोंड आलं म्हणून ग्लिसरीन लावायला दिलं. नाकातून रक्त यायचं, तर म्हटलं मेट्रोच्या खोदकामाची धूळ. डोळ्यांच्या बाहुल्या भर उन्हातही मोठ्या. आणि आठवड्या-दहा दिवसांतून एकदा अठरा-अठरा तास मेल्यासारखी झोप, उठल्यावर रडवेला, अंगावर धावून येणारा. त्या झोपेला आम्ही 'जागरणाची भरपाई' म्हणत होतो.

मग त्यानं खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलं. समोरच्यांच्या कॅमेऱ्यातून आपल्यावर पाळत आहे म्हणाला. ह्यांनी त्याचा चार्जर उचलला तर म्हणाला, "तुम्हीही त्यांना मिळालात." त्या रात्री त्याच्या एका मित्राचा मला फोन आला. "आंटी, वो एमडी लेता है. डाँटना मत, बस डॉक्टर के पास ले जाओ." एमडी म्हणजे मेफेड्रोन, झोप-भूक उडवणारी नशा, हे मला नंतर कळलं. त्या मुलाचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही.

नंतरही आम्ही चुका केल्या. कबूल केल्यावर तो चार दिवस नुसता झोपला. ना उलट्या, ना हाडं दुखणं. आम्हाला वाटलं, सुटली! पाचव्या आठवड्यात पुन्हा तेच. मग घाबरून शहराबाहेरच्या एका खाजगी केंद्रात टाकला. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. फोन बंद. डॉक्टर कधी येतात ते कुणी सांगेना. पहाटे पाचला जो उठणार नाही त्याच्या अंगावर पाणी ओतायचे. ज्याचं शरीर झोपेसाठी तडफडतंय त्याला हे! एकोणिसाव्या दिवशी ह्यांनी भांडून घरी आणला, तेव्हा दंडावर वळ होते. त्यानंतर कुठे आम्ही खऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे पोचलो.

आज तो बरा आहे. कसा झाला ते पुढे सांगेनच. आधी तुम्ही लिहा. कुणाच्या घरी असं झालंय का? काय दिसलं? कशानं फरक पडला?

रामबागेतला आजोबा | रविवार, रात्री १०.१५

वाचून वाईट वाटलं. पण ताई, स्पष्ट बोलतो. आमच्या वेळी वडिलांनी दोन ठेवून दिल्या असत्या आणि मुलाला गावी परत पाठवलं असतं. लाड फार होतात. खोली वेगळी, मोबाईल वेगळा, विचारणारं कोणी नाही.

पुन्हा उभा | रविवार, रात्री ११.५०

आजोबा, मी मार खाल्लाय. दोनदा. दोन्ही वेळा मार खाऊन बाहेर पडलो तो थेट देणाऱ्याकडे गेलो, कारण त्या क्षणी मला 'ये भिया' म्हणणारा तो एकटाच होता.

आज मला नशा सोडून तीन वर्षं झाली. आतून कसं असतं ते सांगतो, म्हणजे पालकांना कळेल. मला कुणी नशा करायला दिलीच नव्हती. प्रोजेक्ट सबमिशन होतं, दोन रात्री काढायच्या होत्या. मित्र म्हणाला, झोप येणार नाही, भूक लागणार नाही, डोकं साफ चालेल. तसंच झालं. पहिल्यांदा आयुष्यात वाटलं की मी जसा असायला हवा होतो तसा झालो. लाजाळूपणा गेला. मुलींशी बोललो. दारूनं तोल जातो हे दिसतं. इथे तोल सापडल्यासारखं वाटतं, आणि घात तिथेच होतो.

ती नशा टिकते दोन-तीन तास. उतरायला लागली की छातीत खड्डा पडल्यासारखं होतं, म्हणून पुन्हा. दोन दिवस पुरवू म्हणून आणलेली एका रात्रीत संपते. पुढे मजा राहतच नाही, नुसतं 'नॉर्मल' वाटायला घ्यावी लागते. मग आवाज. आमच्या हॉस्टेलच्या जिन्यावर पोलीस चढताहेत असं मी तीन तास ऐकत होतो, दाराला कान लावून. जिन्यावर कुणीही नव्हतं.

सोडल्यावर काय होतं तेही सांगतो. अंग दुखत नाही. काहीच चांगलं वाटत नाही, एवढंच. आईच्या हातचं खाल्लं तरी तोंडात पुठ्ठा. सराफ्यातल्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर गेलो, भुट्ट्याचा कीस हातात घेऊन उभा होतो आणि रडायला आलं, कारण आठवत होतं की हे मला आवडायचं. अशा दिवसांत कुणी 'आता तर सुटली, मग तोंड पाडून का बसतोस' म्हटलं की परत जावंसं वाटतं. मी त्याच दिवसांत एकदा गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो. हे घरी आजही कुणाला माहीत नाही. इथे लिहितोय.

सुदामानगरची मावशी | सोमवार, सकाळी ६.३०

बाळा, तू इथे आहेस हेच खूप आहे. कधीही जड वाटलं तर मला निरोप कर. रात्री दोनलाही.

डॉक्टर, पलासिया | सोमवार, दुपारी ३.०५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. मावशींनी जे 'डोक्यातलं चित्र' म्हटलं ते फार नेमकं आहे, आणि ते फक्त घरच्यांच्याच डोक्यात नाही. केंद्र सरकारसाठी एम्सच्या व्यसन विभागानं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात देशात अफूजन्य पदार्थ घेणारे साधारण २.१ टक्के, अॅम्फेटामिन जातीची उत्तेजकं (झोप-भूक उडवून मेंदू भराभर चालवणारी द्रव्यं) घेणारे ०.१८ टक्के आणि कोकेन घेणारे ०.१० टक्के होते. साहजिकच आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांचा हात दारू आणि ब्राऊन शुगरवर बसलेला आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. अॅम्फेटामिन, आइस (म्हणजे मेथअॅम्फेटामिन), कोकेन, एमडी ही सगळी उत्तेजकांची भावंडं.

अफू सुटताना शरीर ओरडतं. नाक गळतं, जुलाब होतात, हाडं मोडतात. घरच्यांना कळतं की हा आजारी आहे. उत्तेजक सुटताना शरीर जवळपास गप्प असतं आणि मन कोसळतं. पहिले काही दिवस भरपूर झोप आणि खा-खा, पुढचे काही आठवडे उदासी, चिडचिड, कशातच रस नाही, आणि मधूनच ओढ. 'पुन्हा उभा' यांनी गच्चीचं लिहिलं, त्यासाठी त्यांचे आभार मानतो. सोडल्यानंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं धोक्याचे असतात आणि नेमक्या त्याच वेळी घरचे सुटकेचा श्वास टाकून मोकळे होतात. तेव्हा सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात भरत नाही. माणसाला बोलायला वाट मिळते.

आइस घेणाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रणांवरून दिसलंय की डोपामिनच्या, म्हणजे आनंद आणि उमेद जागवणाऱ्या रसायनाच्या, यंत्रणेची झीज बऱ्याच अंशी भरून येते, पण त्याला वर्ष ते दीड वर्ष पूर्ण संयम लागतो. पालक मला तिसऱ्या आठवड्यात विचारतात, "अजून पूर्वीसारखा का नाही?" तो आळशी झालेला नाही. हाड जुळायला जसा वेळ लागतो तसा हा वेळ आहे.

औषधाचं खरं सांगतो. ब्राऊन शुगरवाल्याला ओढ शमवणारं ब्युप्रेनॉर्फिन देता येतं, तशी उत्तेजकांवर हमखास गोळी आज नाही. झोप, उदासी, संशय यांवर आम्ही औषधं देतो, ती लागतातच. संशय आणि भास बहुतेकांत काही दिवसांत ओसरतात. महिन्याहून अधिक टिकले तर दुसरा आजार आहे का ते शोधावं लागतं. खरा उपचार समुपदेशनाचा आहे. कुठल्या वेळी, कुणाबरोबर, कुठल्या मनःस्थितीत ओढ येते ते पेशंटबरोबर बसून शोधायचं आणि त्या तासाला दुसरं काय करायचं ते आधी ठरवून ठेवायचं. सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो बक्षीस-पद्धतीचा. १९९० च्या दशकात अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी कोकेनच्या पेशंटवर ती वापरली. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच कूपन, पुढच्या वेळी थोडं मोठं, चुकलं की परत पहिल्या पायरीवर.

रामबागेतला आजोबा | सोमवार, संध्याकाळी ७.२०

डॉक्टर, ही लाच झाली. व्यसन केलं नाही म्हणून पैसे? मग सरळ चालणाऱ्या मुलांनी काय पाप केलं?

सुदामानगरची मावशी | सोमवार, रात्री ९.००

आजोबा, अगदी हेच शब्द ह्यांच्या तोंडून निघाले होते. आमच्या डॉक्टरांनी ही पद्धत सांगितली तेव्हा मलाही पटली नव्हती. कसं झालं ते सांगते.

सोमवार आणि गुरुवार दवाखाना. हजर राहिला आणि लॅबचा निकाल स्वच्छ आला की ५० रुपये, पुढच्या वेळी ७०, मग ९०. रोख हातात द्यायचं नाही. शंभर पानी वही केली. ह्यांनी तारीख घालून सही करायची, आणि साठलेल्या रकमेतून त्याला हवी ती वस्तू आम्ही आणायची. पहिल्या गुरुवारी त्यानं वही पुढे केली तेव्हा हे सही करताना त्याच्याकडे बघतही नव्हते.

सातव्या आठवड्यात पाय घसरला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी भाजी चिरत होते, तो आला, वही ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "आज पन्नासवर." एवढंच. मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. हे उठले, पेन शोधलं, आणि म्हणाले, "गुरुवार आहेच." मुलगा जिन्यात बसून रडला. आधी कधी चुकला की तो लपवायचा, खोटं बोलायचा, पैसे चोरायचा. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः येऊन सांगितलं. पुढे त्या वहीतल्या पैशांतून त्यानं पळायचे बूट घेतले. आता सकाळी नेहरू स्टेडियमला जातो.

डॉक्टर, पलासिया | सोमवार, रात्री ९.४५

आजोबा, तुमचा प्रश्न रास्त आहे. नशा आनंद देते तो मिनिटांत. सोडल्याचा आनंद येतो महिन्यांनी. मधला काळ रिकामा असतो आणि माणूस तिथेच पडतो. ते कूपन म्हणजे त्या रिकाम्या जागेत टाकलेल्या फळ्या.

एक सावधगिरी. मेडिकलमधली लघवी तपासायची साधी पट्टी आणून घरी तपासणी करू नका. अॅम्फेटामिनच्या पट्टीत एमडी सापडेलच असं नसतं. निकाल स्वच्छ आला म्हणून तुम्ही निश्चिंत होता, किंवा तो मुलगा रोज संशयाखाली जगतो. हे काम दवाखान्याचं.

मेसवाल्या काकू | मंगळवार, दुपारी ४.१०

आमची भंवरकुआंजवळ मेस आहे, बावीस वर्षं झाली. मला शास्त्र कळत नाही पण माझी हजेरीची वही बोलते. जेवला की बरोबर, नाही आला की फुली. गावी गेला की सलग फुल्या असतात. आजारी पडला की दोन-तीन. पण चार दिवस फुली, पाचव्या दिवशी येऊन नऊ-दहा पोळ्या, मग पुन्हा फुल्या, असं दोन महिने दिसलं की मी आता त्या मुलाला थांबवते. सगळे गेल्यावर. "बेटा, झोपतोस का?" एवढंच विचारते. नशा हा शब्द काढत नाही. झोपेबद्दल मुलं खरं बोलतात.

एकानं सांगितलं, काकू, अठ्ठेचाळीस तास झाले. त्याच्या वडिलांना फोन करायला मी त्यालाच लावला, माझ्यासमोर. मुली असतील तर आणखी एक बघा. बारीक व्हायचं म्हणून घेतात. सगळ्या मैत्रिणी 'किती छान दिसतेस' म्हणत असतात आणि ती आतून पोखरत असते.

औषधवाला | मंगळवार, रात्री १०.३०

काकूंना नमस्कार. माझं मेडिकल आहे. परीक्षा आल्या की 'जागायची गोळी आहे का' म्हणून पोरं येतात. मेथिलफेनिडेट हे लक्ष टिकवायला देतात ते औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक निर्बंधांच्या यादीत आहे. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत आम्हाला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, औषध कुलपात. तरी मुलांकडे येतं, कारण कुणाच्या तरी घरच्या कपाटातून बाहेर पडतं. जिममधून आणलेल्या 'चरबी जाळणाऱ्या' पुड्यांत काय असतं ते वेष्टन बघून मलाही सांगता येणार नाही. वजन उतरवायचं सिब्युट्रामिन आपल्याकडे २०११ मध्येच बंद झालं, पण 'आयुर्वेदिक आहे' या नावाखाली काहीही गळ्यात मारतात.

ईशाची आई | मंगळवार, रात्री ११.१५

हे वाचून हात-पाय गळाले. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, तो विकार) हीच मेथिलफेनिडेट चालू आहे. शाळेत एका जागी बसायला लागली, अक्षर सुधारलं. मी तिला व्यसन लावतेय का? उद्यापासून बंद करू?

डॉक्टर, पलासिया | बुधवार, सकाळी ७.५०

बंद करू नका. आजारासाठी, मोजून, तोंडानं, देखरेखीखाली घेतलेलं हे औषध हळू चढतं. नशेचा झटका येतो तो एकदम चढण्यातून. योग्य उपचार मिळालेल्या एडीएचडीच्या मुलांत पुढे व्यसनाचा धोका त्या औषधानं वाढतो असं दिसलेलं नाही. उलट एमडीच्या पेशंटमध्ये कधी न ओळखलेला एडीएचडी सापडतो, लहानपणापासून 'धांदरट, आगाऊ' म्हणून हिणवलेला. फक्त डबी कुलपात ठेवा, गोळ्या मोजा, आणि पाहुण्यांसमोर त्या औषधाची चर्चा नको.

ईशाची आई | बुधवार, सकाळी ८.०५

डॉक्टर, रात्रभर डोळा लागला नव्हता. आभारी आहे.

विजयनगरकर | बुधवार, दुपारी १.३०

ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळ बगरोद्यात कारखान्यावर धाड पडून ९०७ किलो मेफेड्रोन पकडलं, किंमत १,८१४ कोटी सांगितली. किलोंनी माल बनतोय तिथे घरी वह्या करून काय होणार? आधी हे लोक पकडा.

वकीलबाई | बुधवार, रात्री ८.४०

पकडायलाच हवेत, पण तुमच्या घरातला मुलगा तोवर थांबणार नाही. मला कायद्याचं थोडं सांगायचं आहे, कारण पोलिसांच्या भीतीनं लोक दवाखान्यात जात नाहीत.

नुसतं सेवन हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि उपचार पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडला तर हे संरक्षण जाऊ शकतं. मेफेड्रोनचं अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम. मुलांना हे नक्की सांगा की मित्रासाठी आणून ठेवलेली पुडीही तुमच्याच ताब्यात सापडते. स्वतःचा खर्च निघावा म्हणून चार जणांना आणून देणारा मुलगा स्वतःला विक्रेता समजत नाही. कायदा समजतो.

मावशींच्या त्या केंद्राबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे. साखळदंड घालायला कलम ९५ नं मनाई आहे. मनाविरुद्ध भरती करायची तर मनोविकारतज्ज्ञासह दोन जणांनी स्वतंत्र तपासावं लागतं, आणि कलम ८९ खाली ती मुदत आधी ३० दिवसांचीच असते. 'तीन महिने भेटायचं नाही, फोन नाही' असं सांगणाऱ्याला आधी नोंदणी दाखव म्हणा आणि डॉक्टर कोण, कधी येतात ते विचारा. उत्तर द्यायला का-कू केली तर मुलाला घेऊन बाहेर पडा.

सुदामानगरची मावशी | बुधवार, रात्री ९.१५

वकीलबाई, हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत असतं तर.

नवी सदस्य ४१ | बुधवार, रात्री ११.५२

माफ करा, इथे लिहावं की नाही कळत नाही. माझा भाऊ, २४ वर्षांचा. तीन रात्री झोपला नाही. आत्ता भिंतीशी बोलतोय. अंग तापलंय, घामानं शर्ट ओला. छातीत धडधडतंय, दुखतंय म्हणतो. बाबा गावाला गेलेत. घरी मी आणि आई. आई म्हणते माझी झोपेची गोळी देऊ या, झोपला की उतरेल.

डॉक्टर, पलासिया | बुधवार, रात्री ११.५५

गोळी देऊ नका. काय-काय पोटात गेलंय माहीत नसताना ती जिवावर बेतू शकते. आत्ता १०८ ला फोन करा, छातीत दुखतंय आणि ताप आहे हे आधी सांगा. उत्तेजकांनी तरुण माणसालाही हृदयविकाराचा झटका येतो.

गाडी येईपर्यंत पंखा लावा, शर्ट काढा, ओल्या कपड्यानं मान, काखा, अंग पुसत राहा. शुद्धीवर असेल तर पाण्याचे घोट. दिवे मंद, टीव्ही बंद, एकानंच बोलायचं, हळू. भिंतीत कुणी नाही हे पटवत बसू नका. "तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे," एवढंच म्हणा. त्याला पालथा दाबून धरू नका, खोलीत कोंडू नका. सुरी-कात्री उचला, गच्चीचं दार लावा. आकडी (फिट) आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. दवाखान्यात काय घेतलं ते खरं सांगा, पुडी मिळाली तर बरोबर न्या. डॉक्टरला उपचारासाठी माहिती हवी असते.

वकीलबाई | बुधवार, रात्री ११.५८

पोलिसांचा विचार आत्ता नको. निघा. काही लागलं तर मला निरोप करा, मी जागी आहे.

सुदामानगरची मावशी | गुरुवार, रात्री १२.०४

बेटा, मीही जागी आहे.

पुन्हा उभा | गुरुवार, रात्री १२.२०

ताई, मी एमवाय या सरकारी रुग्णालयापासून दहा मिनिटांवर राहतो. तिथे नेलं तर सांगा, खाली येऊन उभा राहतो.

नवी सदस्य ४१ | गुरुवार, दुपारी ३.३५

आत्ता फोन हातात घेतला. पहाटे एकला पोचलो. लगेच ईसीजी काढला, सलाइन लावलं, अंग गार केलं, शांत होण्याचं इंजेक्शन दिलं. हृदयाला इजा नाही म्हणाले. मानसोपचार विभागाचे डॉक्टर येऊन गेले. 'पुन्हा उभा' दादा पहाटे पाचपर्यंत आमच्याबरोबर बाहेर बाकावर बसले होते. आईसाठी चहा आणला. आईनं विचारलं, तुम्ही कोण, तर म्हणाले, मीही याच बाकावरून घरी गेलोय.

रामबागेतला आजोबा | गुरुवार, दुपारी ४.५०

चार दिवस वाचतोय. पहिल्या दिवशी मी जे लिहिलं ते मागे घेतो. आमच्या शेजारी एक मुलगा रात्री-अपरात्री गच्चीवर फेऱ्या मारतो. मी त्याच्या वडिलांशी मोठ्या आवाजात भांडलो होतो. आज संध्याकाळी जाऊन नीट बोलतो. काय बोलू ते मात्र कुणी सांगा.

मेसवाल्या काकू | गुरुवार, संध्याकाळी ५.३०

आजोबा, मुलाशीच बोला, एकटा असताना. झोप लागते का, एवढंच विचारा. आणि मग तुम्ही काही बोलू नका, त्याला बोलू द्या.

डॉक्टर, पलासिया | गुरुवार, रात्री ८.००

काकूंचं बरोबर आहे. कॉलेजांत मला भाषणाला बोलावतात तेव्हा सांगाड्यांचे फोटो दाखवा म्हणतात. नुसत्या भीतीनं मुलं थांबत नाहीत. त्यांनी घेणारा मित्र बघितलेला असतो आणि तो तर मजेत दिसतो. मी त्यांना 'नाही' कसं म्हणायचं ते दोघादोघांत मोठ्यानं म्हणून बघायला लावतो, आणि उतरल्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलतो. मावशींच्या भाच्याच्या मित्रासारखा फोन करायला एकजण जरी शिकला तरी चालेल.

फोनवर बोलायचं तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. सरकारीत एमवायचा मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे.

नवी सदस्य ४१ | शुक्रवार, सकाळी ७.१५

तो कालपासून झोपलाय. सोळा तास झाले. सिस्टर येऊन बघून जातात, श्वास-नाडी ठीक म्हणतात. आई सारखी म्हणते, हलवून बघ, हा उठत का नाही. उठवू का?

डॉक्टर, पलासिया | शुक्रवार, सकाळी ७.३०

सिस्टर बघताहेत, नाडी-श्वास ठीक आहे, तर झोपू द्या. हाकेला ओ देतो का एवढं त्या बघतील. आणि पुढचे दोन-तीन आठवडे त्याला एकटं ठेवू नका.

सुदामानगरची मावशी | शुक्रवार, सकाळी ७.४०

आईला सांग, आमचाही असाच झोपला होता, आणि मी त्याला आळशी म्हटलं होतं. उठला की भूक लागेल. फार तिखट-तेलकट नको, गालाच्या आत झोंबतं. वरणभात ने. कुठल्या वॉर्डात आहात ते कळव, मी अकरापर्यंत डबा घेऊन येते.